जन्माआधी जनुक बदलता येईल का? सिकलसेल वाहक दाम्पत्याच्या प्रश्नाला उत्तर

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. आपण पती-पत्नी दोघेही सिकलसेल या तांबड्या पेशींच्या आनुवंशिक आजाराचे वाहक, म्हणजे आपल्या विदर्भाच्या बोलीत 'एएस पॅटर्न'चे आहात: जनुकाच्या दोनपैकी एक प्रत सदोष, पण स्वतःला आजार नाही. पहिला मुलगा 'एसएस' निघाला, म्हणजे त्याच्या दोन्ही प्रती सदोष आहेत आणि त्याला आजार आहे. तो सहा वर्षांचा आहे आणि वर्षातून तीन-चार वेळा हातपाय दुखून रुग्णालयात भरती होतो. आता पत्नीला आठवा आठवडा सुरू आहे. बाळाचे जनुक जन्माआधीच दुरुस्त करता येते असे आपल्या वाचनात आले. ते भारतात कायदेशीर आहे का, नसल्यास परदेशात जाऊन करता येईल का, आणि तसे करण्यात काही गैर आहे का, असे आपण विचारले आहे.

आपल्याकडे वेळ कमी असल्यामुळे पहिले उत्तर लगेच देतो. या गर्भारपणात बाळाचे जनुक बदलण्याचा कोणताही मान्यताप्राप्त उपचार भारतात किंवा परदेशात उपलब्ध नाही, आणि आपण तो देतो असे कोणी सांगत असेल तर त्याला एक रुपयाही देऊ नये. या गर्भारपणात करता येण्याजोग्या इतर गोष्टी मात्र आहेत, आणि त्यांपैकी एकीची योग्य वेळ तीन आठवड्यांनी सुरू होऊन लवकरच सरते. तिच्याविषयी शेवटी लिहितो, कारण मधला भाग समजला तर तो निर्णय आपल्याला अधिक शांतपणे घेता येईल.

बातम्यांमध्ये तीन निरनिराळ्या गोष्टी एकाच मथळ्याखाली येतात, त्या आधी वेगळ्या करतो. पहिली गोष्ट म्हणजे जन्मलेल्या रुग्णाच्या शरीरातील पेशींचे जनुक बदलणे. सिकलसेलसाठी 'कॅसजेव्ही' हा क्रिस्परवर, म्हणजे जनुक हव्या त्या जागी कापण्याच्या तंत्रावर, आधारलेला उपचार नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्रिटनने आणि डिसेंबर २०२३ मध्ये अमेरिकेने मंजूर केला, तो या प्रकारचा आहे. त्यात रुग्णाच्याच रक्तातील मूळपेशी बाहेर काढून त्यांत बदल करतात आणि तीव्र केमोथेरपीने अस्थिमज्जा रिकामी करून त्या परत सोडतात. अमेरिकेतील त्याची किंमत बावीस लाख डॉलर आहे. आपल्याकडे दिल्लीच्या आयजीआयबी या जनुकसंशोधन संस्थेने विकसित केलेला 'बिरसा १०१' हा उपचार याच वाटेने जाणारा आहे आणि त्याचे तंत्रज्ञान पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटकडे देण्यात आले आहे. मे २०२५ मध्ये फिलाडेल्फियाच्या बालरुग्णालयातील डॉक्टरांनी एका अर्भकाला केवळ त्याच्या जनुकदोषासाठी बनवलेले औषध दिल्याचे जाहीर केले आणि ती बातमी मराठी वृत्तवाहिन्यांपर्यंत पोहोचली. पण तेही जन्मलेले बाळ होते. या उपचारांतला बदल त्या रुग्णापुरता राहतो, त्याच्या मुलाबाळांत उतरत नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे पोटात वाढणाऱ्या गर्भावर उपचार करणे. गर्भाला रक्त देण्याचे तंत्र जुने आहे. पॉम्पे या स्नायू दुबळे करणाऱ्या आनुवंशिक आजारात गर्भालाच कमी पडणारे विकर (एन्झाइम) दिल्याचे २०२२ मध्ये कॅनडातून प्रसिद्ध झाले, आणि मज्जारज्जूशी निगडित स्नायुक्षयावरचे औषध गर्भवती आईने घेतल्याचे २०२५ मध्ये अमेरिकेतून प्रसिद्ध झाले. गर्भातच जनुक बदलण्याचे प्रयोग मात्र उंदरांसारख्या प्राण्यांवर झाले आहेत. तिसरी गोष्ट म्हणजे प्रयोगशाळेतील काचपात्रात, एक-दोन पेशींच्या अवस्थेतील भ्रूणाचे जनुक बदलून तो गर्भाशयात सोडणे. हा बदल त्या मुलाच्या प्रत्येक पेशीत, त्याच्या बीजपेशींतही (शुक्राणूंत किंवा बीजांडांत), आणि म्हणून पुढच्या पिढ्यांत जातो. कायदा आणि नीती यांचा मोठा वाद आहे तो या तिसऱ्या प्रकाराचा.

दुसऱ्या प्रकाराबाबत सिकलसेलपुरते एक सांगतो, कारण ते सहसा कोणी सांगत नाही. सिकलसेलचे बाळ जन्मतः आजारी नसते. गर्भातील बाळाच्या तांबड्या पेशींत जे हिमोग्लोबिन असते ते मोठ्या माणसाच्या हिमोग्लोबिनपेक्षा वेगळे असते आणि त्यात बीटा नावाची प्रथिनसाखळीच नसते. सिकलसेलचा दोष त्या बीटा साखळीत असल्यामुळे गर्भाच्या रक्ताला तो लागू पडत नाही. जन्मानंतर गर्भाचे हिमोग्लोबिन ओसरू लागते आणि साधारण सहाव्या महिन्याच्या आसपास आजाराची पहिली चिन्हे दिसतात. आपल्या मुलाच्या हाताची बोटे पहिल्यांदा कधी सुजली होती ते आठवून पाहावे. 'कॅसजेव्ही'देखील मूळ दोषाला हात लावत नाही, तो हे बंद पडलेले गर्भाचे हिमोग्लोबिन पुन्हा सुरू करतो. म्हणजे या आजारात निसर्गाने आपल्याला काही महिन्यांची सवलत दिलेली आहे. अशा वेळी गर्भाशयात सुई घालून, आईचा जीव धोक्यात घालून, जनुक बदलण्याची घाई करण्याला वैद्यकीय आधार फार थोडा आहे. ज्या आजारांत गर्भातच मेंदूची किंवा यकृताची कायमची हानी होते, त्यांची गोष्ट वेगळी आहे.

आता भ्रूणाकडे येतो. आपल्यासारख्या जोडप्याचे गणित आपल्याला कोणीतरी समजावले असेलच: प्रत्येक गर्भारपणात चारात एक शक्यता एसएसची, चारात दोन एएसच्या, चारात एक पूर्ण निर्दोष. मी हे नेहमी अहवालाच्या पाठीमागे चार वर्तुळे काढून दाखवतो. काही वर्षांपूर्वी गडचिरोलीकडून आलेल्या एका बाईने ती चार वर्तुळे बराच वेळ पाहिली आणि विचारले, "साहेब, चौथं कोणतं ते आधीच ओळखता येत असेल, तर त्याला दुरुस्त करत बसायचं कशाला? उरलेले तीन आहेत ना!" भ्रूणाच्या जनुकबदलावर मी पुष्कळ वाचले आणि ऐकले आहे, पण या प्रश्नाइतका नेमका आक्षेप क्वचितच आढळला.

त्याचे कारण असे. आयव्हीएफने, म्हणजे शरीराबाहेर बीजांड फलित करून, तयार झालेल्या भ्रूणांपैकी कोणता एसएस आहे हे कळल्याशिवाय कोणत्या भ्रूणाचे जनुक बदलायचे हे ठरवता येत नाही, आणि बदल नीट झाला की नाही हेही तपासल्याशिवाय कळत नाही. म्हणजे बदलासाठी आधी तपासणी हवीच. आणि एकदा भ्रूण तपासता आले की चारातले तीन, सरासरीने, आजारी नसलेले असतात. त्यांतला एक गर्भाशयात सोडला की काम झाले. ही भ्रूणतपासणी आज भारतात कायदेशीर आहे आणि मोठ्या शहरांत उपलब्धही आहे. ती खर्चिक आहे, आयव्हीएफचा त्रास स्त्रीच्या शरीरालाच सोसावा लागतो आणि प्रत्येक फेरीत गर्भ राहतोच असे नाही, हे सगळे खरे; पण जनुकबदलाच्या वाटेवरही हेच सगळे सोसावे लागते, वर बदलाचा धोका वेगळा.

तो धोका किती आहे याची कल्पना दोन गोष्टींवरून येते. पाचव्या-सहाव्या दिवशी भ्रूणाच्या बाहेरच्या आवरणातून, ज्यातून पुढे वार तयार होते, पाच-सात पेशी काढून तपासतात. जनुकबदल सगळ्या पेशींत सारखा झालेला नसेल, काहींत झाला आणि काहींत नाही अशी सरमिसळ असेल, तर वारेच्या पेशी चांगल्या निघूनही बाळाच्या पेशी तशाच राहिलेल्या असू शकतात. दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. २०२० मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातील संशोधकांनी अंधत्वाशी संबंधित एका जनुकावर क्रिस्परचा वापर केला, तेव्हा अनेक भ्रूणांत दोषयुक्त जागा दुरुस्त होण्याऐवजी ते जनुक ज्यावर असते ते गुणसूत्रच पूर्ण किंवा अंशतः नाहीसे झाल्याचे आढळले. अशा भ्रूणाची चाचणी केली की सदोष प्रत सापडत नाही, आणि अहवाल 'दोष गेला' असा येऊ शकतो. वहीतली चूक खोडली की ते पानच फाडले, हे वरवर पाहणाऱ्याला समजू नये, तसे हे आहे.

आणि भ्रूणाचे जनुक बदलून मूल जन्माला घालणे ही केवळ कल्पना नाही, ते झालेले आहे. नोव्हेंबर २०१८ मध्ये, हाँगकाँगला मानवी जनुकबदलावरची जागतिक परिषद भरण्याच्या तोंडावर, चीनमधील शेनझेनचे शास्त्रज्ञ हे जियानकुई ('हे' हे त्यांचे आडनाव) यांनी जनुक बदललेल्या जुळ्या मुली जन्मल्याचे जाहीर केले. वडील एचआयव्हीबाधित होते. मुलींना पुढे एचआयव्ही होऊ नये म्हणून सीसीआर-५ या, विषाणूला पेशीत शिरायला वाट देणाऱ्या, जनुकात बदल केला, असे त्यांचे म्हणणे होते. वास्तविक बाधित वडिलांकडून बाळाला संसर्ग होऊ नये यासाठी वीर्य धुऊन वापरण्याची साधी पद्धत होती, आणि ती याही प्रकरणात वापरलेली होती. युरोपातील काही लोकांत या जनुकाची ३२ अक्षरे नैसर्गिकरीत्या गळालेली असतात आणि त्यामुळे त्यांना एचआयव्हीपासून संरक्षण मिळते. पण या मुलींत झालेले बदल त्याच जातीचे नव्हते, आणि एकीच्या तर दोनपैकी एकच प्रत बदललेली होती. एक प्रत शाबूत राहिली तर अपेक्षित संरक्षण मिळत नाही, हे भ्रूण सोडण्याआधी माहीत होते. तरीही तो भ्रूण सोडण्यात आला. पालकांना दिलेल्या संमतीपत्रात या प्रयोगाचे वर्णन एड्सवरील लस विकसित करण्याचा प्रकल्प असे होते. चीनमध्ये एचआयव्हीबाधितांना आयव्हीएफ सहज मिळत नव्हते, म्हणून मूल हवे असलेली जोडपी या प्रकल्पाकडे वळली. गरजू माणसाकडून घेतलेली संमती किती मोकळी असते, हा प्रश्न इथे आपल्यालाही लागू होतो. आपण मला ज्या तळमळीने लिहिले आहे, त्या तळमळीवरच असे प्रकल्प उभे राहतात.

डिसेंबर २०१९ मध्ये शेनझेनच्या न्यायालयाने हे जियानकुई यांना तीन वर्षांचा तुरुंगवास आणि तीस लाख युआन दंड ठोठावला. आरोप कोणता होता ते पाहण्यासारखे आहे: 'बेकायदा वैद्यकीय व्यवसाय'. कारण भ्रूणाच्या जनुकबदलावर त्या वेळी चीनमध्ये बंदी होती ती २००३ च्या मार्गदर्शक नियमांत, आणि त्या नियमांना स्वतःची शिक्षा नव्हती. जनुक बदललेला भ्रूण गर्भाशयात सोडणे हा स्वतंत्र गुन्हा चीनच्या फौजदारी कायद्यात मार्च २०२१ पासून आला, आणि त्याला सात वर्षांपर्यंत तुरुंगवास आहे.

भारताची स्थिती मला २०१८ च्या चीनशी थोडी मिळतीजुळती वाटते. आपल्याकडे 'भ्रूणाचे जनुक बदलून मूल जन्माला घालणे हा गुन्हा आहे' असे सरळ शब्दांत सांगणारे कलम संसदेच्या कायद्यात नाही. बंदी आहे ती मार्गदर्शक तत्त्वांत. आयसीएमआर (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) आणि जैवतंत्रज्ञान विभाग यांच्या २०१७ च्या मूळपेशी संशोधनविषयक तत्त्वांनुसार भ्रूणाच्या जनुकांत बदल करण्याचे संशोधन काचपात्रापुरते मर्यादित आहे, त्याला संस्थेच्या आणि राष्ट्रीय पातळीवरील समित्यांची परवानगी लागते, आणि भ्रूण चौदा दिवसांपलीकडे वाढवता येत नाही. पुढच्या पिढीत उतरणारा जनुकोपचार निषिद्ध यादीत आहे. २०१९ च्या जनुकोपचारविषयक तत्त्वांतही हाच निषेध आहे.

कायद्याचे बळ असलेले नियम या तत्त्वांच्या अवतीभवती आहेत. २०१९ च्या नवीन औषधे व वैद्यकीय चाचण्या नियमांत जनुकोपचाराचे उत्पादन 'नवीन औषध' धरले जाते, त्यामुळे केंद्रीय औषध नियंत्रकाच्या परवानगीशिवाय ते माणसावर वापरता येत नाही. २०२१ च्या सहाय्यक प्रजनन तंत्रज्ञान कायद्याच्या कलम २५ नुसार भ्रूणाची तपासणी ज्ञात आनुवंशिक आजारांसाठीच करता येते, आणि कलम ३० नुसार संशोधनासाठी बीजपेशी किंवा भ्रूण देशाबाहेर पाठवणे पूर्णपणे निषिद्ध आहे, तर देशातील संशोधन विहित पद्धतीनेच करावे लागते. तरीही एक फट उरते, आणि हे माझे वाचन आहे, एखादा वकील वेगळे सांगू शकेल. औषधाचे नियम 'माणसाला दिलेल्या औषधा'साठी लिहिलेले आहेत. काचपात्रातल्या भ्रूणावर केलेली प्रक्रिया हे कोणाला दिलेले औषध? भ्रूण तर कायद्याने व्यक्ती नाही, आणि आईला दिले गेले ते औषध नव्हे, भ्रूण. असा प्रकार आपल्याकडे घडलाच तर सरकारी वकिलाला चार कायद्यांची कलमे जोडून खटला उभा करावा लागेल. माझ्या मते या कायद्यात एक स्वच्छ वाक्य घालणे फार अवघड नाही, आणि ते प्रकरण घडण्याच्या आधी घालावे. गर्भपाताच्या मुदतीबाबत २००८ मध्ये मुंबईच्या एका दाम्पत्याने उच्च न्यायालयात जो प्रश्न नेला होता, त्याला कायद्याचे उत्तर २०२१ ची दुरुस्ती येईपर्यंत मिळाले नाही. तेरा वर्षे!

परदेशाचा मुद्दा थोडक्यात आटोपतो. ब्रिटनच्या कायद्यात केंद्रकातील जनुके बदललेला भ्रूण गर्भाशयात सोडता येत नाही. मायटोकॉन्ड्रियाच्या, म्हणजे केंद्रकाबाहेरच्या ऊर्जा देणाऱ्या घटकांच्या, आजारांपुरती दुसऱ्या स्त्रीच्या बीजांडाची मदत घेण्याची मुभा तिथे २०१५ पासून आहे आणि त्यातून आठ मुले जन्मल्याचे न्यूकॅसलच्या गटाने जुलै २०२५ मध्ये जाहीर केले, पण सिकलसेलचा दोष केंद्रकात असल्यामुळे त्याचा आपल्याला उपयोग नाही. अमेरिकेत २०१५ च्या अखेरीपासून अर्थसंकल्पातच अशी अट आहे की जनुक बदललेले भ्रूण वापरण्याचे अर्ज औषध प्रशासनाने विचारातही घेऊ नयेत. युरोपातील अनेक देशांवर बंधनकारक असलेल्या १९९७ च्या ओव्हिएदो कराराचे तेरावे कलम वंशजांच्या जनुकसंचात बदल करण्याच्या हेतूने केलेला हस्तक्षेप नाकारते. कायदा ढिला असलेले देश उरतात, आणि २०२५ मध्ये अमेरिकेत काही खासगी कंपन्या या कामासाठी पैसा उभा करू लागल्या, तेव्हा जनुकोपचार क्षेत्रातीलच संघटनांनी दहा वर्षांच्या स्थगितीची मागणी केली. आपले स्वतःचे भ्रूण स्वतःच्या उपयोगासाठी देशाबाहेर न्यायचे असले तरी सहाय्यक प्रजनन कायद्याखालील राष्ट्रीय मंडळाची परवानगी लागते, हेही लक्षात ठेवावे.

आता 'यात गैर काय' हा तिसरा प्रश्न. न जन्मलेल्या मुलाची संमती घेता येत नाही, हा आक्षेप सर्वांत आधी घेतला जातो. मला तो एकटा पुरेसा वाटत नाही. लस टोचताना, शाळा निवडताना, आपण मुलाला विचारतो कुठे? पण लस टोचताना समोर मूल असते आणि त्याला आजाराचा धोका असतो. भ्रूणाच्या जनुकबदलात वाचवायचा रुग्ण अजून अस्तित्वातच नाही; तो धोक्यासकट आपण निर्माण करायचा आणि मग त्याला वाचवले म्हणायचे, असा तो व्यवहार आहे. शिवाय चूक झालीच तर ती त्याच्या नातवंडांपर्यंत जाईल, आणि त्याने आयुष्यभर तपासण्यांना यावे अशी सक्ती करण्याचा अधिकार कोणालाही नाही.

संमतीचा विषय निघाला म्हणून एक प्रसंग सांगतो. मी ज्या नीतिसमितीवर होतो तिच्यासमोर जनुकोपचाराच्या एका चाचणीचे संमतीपत्र आले होते, मराठी भाषांतरासह. त्यात सर्वत्र 'जनुकीय संपादन' असा शब्द होता. समितीवरचे सामान्य नागरिकांचे प्रतिनिधी, एक निवृत्त शिक्षक, गोसीखुर्द धरणाच्या बाजूचे. ते म्हणाले, "आमच्याकडे संपादन म्हटलं की जमीन जाते. हे वाचून माणूस समजेल, सरकार आपलं जनुक ताब्यात घेणार आहे." सगळे हसले, पण ते बरोबर होते. मग 'जनुक दुरुस्ती' असे सुचवले गेले, त्याला मी विरोध केला, कारण दुरुस्ती म्हटले की काम नीट झालेच असे गृहीत धरले जाते. शेवटी 'जनुकात बदल करणे, जो यशस्वी होईलच असे नाही' असे लांबलचक वाक्य ठेवले. या उत्तरात मी 'जनुकबदल' म्हणतो आहे ते त्यामुळेच.

माझा खरा आक्षेप मात्र आपल्या इथल्या इतिहासातून आलेला आहे. गर्भजल परीक्षण भारतात सत्तरच्या दशकात आले ते गर्भातील व्यंग शोधण्यासाठी. दहा वर्षांच्या आत 'गर्भजल परीक्षण' या शब्दाचा अर्थ मुलगा की मुलगी असा झाला, आणि आज थोडा खर्च करा म्हणजे उद्याचा हुंडा वाचेल अशा अर्थाच्या जाहिराती उघड लागू लागल्या. मुंबईतील कार्यकर्त्यांच्या चळवळीमुळे १९८८ मध्ये महाराष्ट्राने देशातला पहिला लिंगनिदान प्रतिबंधक कायदा केला, १९९४ मध्ये केंद्राचा झाला, आणि पुण्या-मुंबईच्या संस्थांनी सर्वोच्च न्यायालयात दाद मागितल्यावर २००३ मध्ये त्यात गर्भधारणेपूर्वीची लिंगनिवडही आली. त्या तरतुदीला एका दाम्पत्याने आव्हान दिले, ते मुंबई उच्च न्यायालयाने २००७ मध्ये फेटाळले. एवढे होऊनही सहा वर्षांखालील मुलींचे महाराष्ट्रातील प्रमाण दर हजार मुलांमागे १९९१ मध्ये ९४६ होते, ते २०११ मध्ये ८९४ झाले. तंत्र चांगल्या हेतूने आले, कायदाही झाला, आणि तरी समाजाला जे हवे होते ते समाजाने त्या तंत्राकडून करून घेतले. भ्रूणाचे जनुक बदलण्याची सोय झाली तर आपल्याकडच्या विवाहाच्या जाहिरातींत ज्या गोष्टी मागितल्या जातात त्यांची यादी जनुकांच्या दुकानात पोहोचायला किती वेळ लागेल? रंग आणि उंची एकेका जनुकावर ठरत नाहीत, पण विकणाऱ्याला त्याने फरक पडत नाही.

याची दुसरी बाजू सिकलसेलशी अधिक जवळची आहे. हा आजार आपल्याकडे प्रामुख्याने आदिवासी आणि दलित समाजांत आहे. मलेरियाच्या प्रदेशात एएस असण्याने लहान मुलांचे रक्षण होत आले, म्हणून हे जनुक टिकले. तरीही तपासणी मोहिमेत 'वाहक' निघालेल्या मुलीचे जमलेले लग्न मोडल्याची उदाहरणे मी पाहिली आहेत. वाहक असणे हा आजार नाही. ज्या दिवशी 'हे जनुक वंशातूनच काढून टाकता येते' असे म्हटले जाईल, त्या दिवशी ते न काढलेल्या कुटुंबाकडे लोक कसे पाहतील, याचा विचार श्रीमंत देशांतील चर्चेत फारसा दिसत नाही. जुलै २०२३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय अभियानाने सात कोटी लोकांच्या तपासणीचे उद्दिष्ट ठेवले आहे. तपासणीनंतर मिळणाऱ्या प्रत्येक निदानकार्डामागे उद्या ठरायचे एक लग्न आहे.

माझा युक्तिवाद जिथे लंगडा पडतो ती जागाही दाखवायला हवी. पती-पत्नी दोघेही एसएस असतील तर त्यांचे प्रत्येक मूल एसएसच होणार. तिथे तपासून निवडण्यासारखा भ्रूणच नसतो. अशी जोडपी थोडी आहेत, पण उपचार सुधारून एसएस मुले मोठी होऊन संसार करू लागल्यावर ती वाढतील. त्यांना मी दात्याची बीजपेशी, दत्तक, किंवा जन्मानंतर लवकर उपचार हे पर्याय सांगतो आणि त्यांतला एकही त्यांना नेहमी पटतोच असे नाही. उद्या तंत्र सुरक्षित झाले तर त्यांच्यासाठी दार उघडावे का, या प्रश्नावर माझे मत अजून पक्के नाही. लंडनमध्ये मार्च २०२३ मध्ये झालेल्या तिसऱ्या जागतिक परिषदेने 'सध्या अस्वीकार्य' असे म्हटले, 'कायमचे' असे म्हटले नाही, ते मला योग्य वाटते. आपण दोघे एएस आहात, त्यामुळे तो पेच आपला नाही.

आता आपल्या हातात काय आहे ते. अकरा ते तेरा आठवड्यांच्या दरम्यान वारेचा बारीक तुकडा काढून गर्भ एसएस आहे का हे तपासता येते. ती वेळ चुकली तर सोळा आठवड्यांनंतर गर्भजल काढून तपासता येते. अनुभवी हातात गर्भपाताचा धोका शेकडा एकाहून कमी असतो. लिंगनिदान प्रतिबंधक कायद्याने हिमोग्लोबिनच्या आजारांसाठी ही चाचणी स्पष्टपणे मान्य केलेली आहे. ती नोंदणीकृत केंद्रातच करावी, आणि तिथे मुलगा की मुलगी हे विचारू नये, सांगितलेही जाणार नाही. संमतीपत्र पत्नीला समजणाऱ्या भाषेत असले पाहिजे आणि त्याची प्रत तिला मिळाली पाहिजे, हा तिचा कायदेशीर हक्क आहे. मागितल्याशिवाय देत नसतील तर मागावी.

चाचणी करावी की नाही, आणि गर्भ एसएस निघाल्यास पुढे काय करावे, हे मी सांगणार नाही. कायद्याने संमती पत्नीची एकटीची लागते. आपली, सासूबाईंची किंवा माझी नाही. गर्भपाताचा विचार झाला तर वीस आठवड्यांपर्यंत एका नोंदणीकृत डॉक्टरचे मत पुरते, म्हणून वेळेचे महत्त्व. गर्भ ठेवण्याचे ठरले तर त्या निर्णयातही काही चूक नाही: बाळ जन्मल्याबरोबर तपासणी, दुसऱ्या महिन्यापासून पेनिसिलिन, न्यूमोकोकसची लस आणि वेळेवर हायड्रॉक्सियुरिया (दुखण्याचे झटके कमी करणारे औषध) एवढ्याने आजचा एसएस मुलगा पूर्वीच्यापेक्षा पुष्कळ बरा जगतो. आपल्या मोठ्या मुलाला हायड्रॉक्सियुरिया सुरू आहे का, हे आपण लिहिलेले नाही. नसेल तर वर्षातून तीन-चार वेळा भरती होणे हे ते सुरू करण्याचे पुरेसे कारण आहे. त्यासाठी त्याला याच आठवड्यात बालरोगतज्ज्ञांकडे न्यावे. आणि चाचणीला येताना आपल्या तिघांचेही एचपीएलसीचे (हिमोग्लोबिनचा प्रकार सांगणाऱ्या चाचणीचे) मूळ अहवाल आणि शक्य असल्यास मुलाच्या रक्ताचा ताजा नमुना सोबत असू द्यावा, कारण आई-वडिलांच्या जनुकातला दोष आधी निश्चित झाल्याशिवाय प्रयोगशाळा वारेच्या तुकड्यावर काम सुरू करत नाही, आणि त्यातच बहुतेकांचा एक आठवडा जातो.